ट्रम्पेटवाल्याचा पुढचा दात

माझ्या बहिणीच्या नवऱ्याने स्वतःचा दात गिळला आणि रस्ता संपेपर्यंत ट्रम्पेट वाजवत राहिला. ही गोष्ट सांगितली की लोक हसतात. पहिल्या दिवशी मीही हसलो होतो, त्यामुळे कुणाला नावं ठेवत नाही.

झालं असं, की एका नव्या रस्त्याचं उद्घाटन होतं आणि मिरवणुकीत सगळ्यांत पुढे आमचा नगरपालिकेचा बँड. दाजी पहिल्या रांगेत उजव्या टोकाला, मी शेवटच्या रांगेत पोटावर मोठा ड्रम बांधून. रस्ता नवा म्हणजे नावालाच नवा. गटाराचं एक झाकण चांगलं चार बोटं खचलेलं होतं. दाजींचा पाय त्यात गेला, तोल पुढे गेला, ट्रम्पेटचं तोंड समोरच्या दिव्याच्या खांबावर आदळलं आणि सगळा धक्का उलटा त्यांच्या दातांवर आला. वरचा, समोरचा, डावीकडचा दात तुटला. आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? बाजूला झाला असता, थुंकला असता. पण थुंकायचं तर ट्रम्पेट ओठांवरून काढावं लागणार, आणि धून अर्धवट राहणार. दाजींनी दात गिळला. रस्ता संपला आणि गणवेशाची कॉलर रक्ताने भरलेली दिसली, तेव्हा कुठे बँडमास्तरांनी त्यांना हाताला धरून रांगेबाहेर काढलं.

असा माणूस. हट्टी म्हणावं की वेडा, हे माझ्या बहिणीने लग्नानंतर ठरवायचं ठेवलं होतं, ते अजून तिचं ठरलेलं नाही.

दाजींचं बँडमधलं स्थान काय होतं, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दर रविवारी संध्याकाळी बागेतल्या गोल चौथऱ्यावर आम्ही वाजवतो. शेवटी सगळी वाद्यं थांबतात आणि एकटं ट्रम्पेट एक संथ धून वाजवतं, खाली फक्त माझा ड्रम, तोही अगदी हळू, चालणाऱ्या माणसाच्या पावलासारखा. ती धून वीस-बावीस वर्षं दाजींची होती. लोक त्या धुनेसाठी थांबायचे. मुलं घसरगुंडीवरून उतरायची. घरात दाजी फारसं बोलत नाहीत, भांडत नाहीत, कशाचं कौतुक करत नाहीत. त्यांना जे काही म्हणायचं असतं ते त्या धुनेत म्हणून झालेलं असतं, असं ताई म्हणायची. आठवडाभर या माणसाशी संसार करते आणि रविवारी बागेत येऊन याला भेटते, असंही म्हणायची.

दाताच्या डॉक्टर तरुण होत्या, बोलायला स्पष्ट. दाजी खुर्चीत आडवे, मी आणि ताई भिंतीला टेकून उभे. त्यांनी हिरडीत अडकलेलं मूळ काढून टाकलं होतं. मग प्लास्टरचा एक जबडा हातात घेऊन त्या समजावायला लागल्या.

"दोन मार्ग आहेत. एक, इम्प्लांट. रिकाम्या जागी हाडात एक स्क्रू बसवायचा. हाड त्याला धरतं, त्याला पाच-सहा महिने लागतात. मग त्यावर दात. बाजूच्या दातांना हातही लागत नाही. दुसरा, ब्रिज. बाजूचे दोन्ही दात चारी बाजूंनी घासून बारीक करायचे आणि तीन दातांची एक सलग पट्टी त्यांच्यावर टोपीसारखी बसवायची. दोन-तीन आठवड्यांत काम होतं."

"म्हणजे गुन्हा एकाचा आणि शिक्षा बाजूच्या दोघांना," मी म्हणालो. "चोर सोडून संन्याशाला फाशी."

"तसंच काहीसं," डॉक्टर हसल्या नाहीत. "बाजूचे दोन्ही दात एकदम निरोगी आहेत. म्हणून मी इम्प्लांट सुचवेन."

"सहा महिने वाजवायचं कसं?" दाजींनी तोंडात कापूस असतानाच विचारलं.

"वाजवायचं नाही. स्क्रूवर दाब आला तर हाड त्याला धरणार नाही."

"ब्रिज," दाजी म्हणाले.

ताई तिथेच चिडली. "अहो, जरा विचार तरी करा! भाजी घेताना चार वेळा दाबून बघता, आणि स्वतःचे धडधाकट दात घासायला देताय?"

डॉक्टरांनी तिची बाजू घेतली. त्या म्हणाल्या, इम्प्लांटवरचा दात पसंत पडला नाही तर काढून दुसरा बसवता येतो, दहा वेळा बदलता येतो. घासलेला दात मात्र परत वाढत नाही. मग खरं तेही सांगून टाकलं. "मी आजवर कुठल्याही ट्रम्पेटवाल्याचे दात केलेले नाहीत. जेवायला, बोलायला, दिसायला ब्रिज चांगला होईल, एवढी खात्री देते. वाजवण्याचं मला ठाऊक नाही."

शेवटचं वाक्य आम्ही तिघांनीही ऐकलं. दाजींनी ते ऐकून सोडून दिलं.

घरी आठवडाभर हाच विषय. ताईने दातांच्या कण्या केल्या. सहा महिने म्हणजे काही जन्म नव्हे, म्हणाली. दाजी मान खाली घालून सूप पीत राहिले. शेवटी एकदा त्यांनी चमचा ठेवला आणि मला म्हणाले, "ढोलक्या, तू तरी सांग हिला. तू सहा महिने ड्रम वाजवला नाहीस तर काय होईल?"

"शेजारी पेढे वाटतील," मी म्हणालो.

"आणि मी सहा महिने फुंकलं नाही तर ओठ मरतील. पन्नाशी उलटली माझी. या वयात मेलेला ओठ परत उठत नाही. मग इम्प्लांटवर काय सोन्याचा दात बसवलात तरी फुंकणार कोण?"

ते खोटं नव्हतं. आमच्या बँडमध्ये अशी माणसं मी पाहिली आहेत. आजारपण काढून आली आणि ओठ फडफडायचे, सूर यायचा नाही. एका बाजूला निरोगी दात, दुसऱ्या बाजूला जिवंत ओठ. ताईला दात दिसत होते. दाजींना ओठ कळत होते. दोघंही आपापल्या जागी बरोबर होती, आणि अशा भांडणाचा कधी चांगला शेवट होत नाही.

ब्रिजच ठरला.

साचा घेण्याच्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "पडलेला दात कसा होता? सरळ होता की वाकडा? बाजूच्या दोन दातांचा साचा मी आत्ताच घेऊन ठेवते, पण मधला मला बघायला मिळालाच नाही. एखादा हसतानाचा फोटो आणा."

सोपी गोष्ट वाटते ना? आम्ही दोन दिवस घर उलटंपालटं केलं. माळ्यावरच्या पेट्या काढल्या. फोटो ढीगभर निघाले आणि एकातही दाजींचा दात नव्हता. अर्ध्या फोटोंत तोंडावर ट्रम्पेट. उरलेल्या अर्ध्यांत ओठ घट्ट मिटलेले. बँडमधल्या फुंकणाऱ्यांची ही जुनी खोड आहे. हसलं की ओठ ताणले जातात, वाजवण्याआधी ओठ ताणायचे नाहीत, असं त्यांचे गुरू त्यांना शिकवतात आणि ही मंडळी ते आयुष्यभर पाळतात. लग्नाच्या फोटोत ताई अशी हसतेय की सगळी बत्तिशी मोजून घ्यावी, आणि शेजारी दाजी, कोणाच्या तरी शोकसभेला आल्यासारखे. कारण लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांचा कार्यक्रम होता.

मग आठवणीवर आलं. "आत कललेला होता," ताई म्हणाली. "थोडासा आत."

"छे, बाहेर आलेला होता," मी म्हणालो. "शेजारच्या दातावर चढलेला."

"तुला काय माहीत? तू कधी बघितलायस त्यांना जेवताना?"

"वीस वर्षं रोज बघतोय. तूच सांग, कुठल्या बाजूला चढलेला?"

तिने डोळे मिटले. मग आपल्याच दातांवर बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाली, आरशात उलटं दिसतं म्हणून तिचा गोंधळ होतोय. आम्ही दोघं दाजींकडे वळलो. ते खिडकीत बसून ट्रम्पेटचा नुसता माउथपीस, ओठांना लावायचा तो तुकडा, हातात फिरवत होते.

"मला काय विचारता?" ते म्हणाले. "मी तो कधी बघितला नाही. दाढी करताना माणूस दात बघतो का? मला तो ओठाला कळायचा. माउथपीस ठेवला की आपोआप जाऊन त्यावर बसायचा. ओठाला विचारा."

ओठाला कसं विचारणार? डॉक्टरांनी प्रयत्न केला, हे कबूल करायला हवं. चिमूटभर मेण लावून पाहिलं, दाजींना विचारलं, इकडे का, तिकडे का. दाजी तोंड सुजलेलं असताना हो-नाही करत राहिले. शेवटी दात घासले गेले. घासून झाल्यावर मी पाहिलं. दोन चांगल्या दातांच्या जागी दोन खुंट्या उरल्या होत्या, पिवळट, करंगळीच्या नखाएवढ्या. ताईने तोंड फिरवलं.

ब्रिज बसला तेव्हा सगळ्यांना तो आवडला. तीन पांढरेशुभ्र, एका ओळीत उभे दात. बँडमास्तर म्हणाले, आता तुम्हाला घोडनवरा म्हणून पुन्हा उभं करायला हरकत नाही. दाजी घरी आले, कोट न काढता स्वयंपाकघरात उभे राहिले आणि ट्रम्पेट ओठांना लावलं. खालचे सूर आले. मधले आले. मग ते वर चढायला लागले आणि आवाजाच्या आधी हवा आली. फुसकन, सायकलच्या चाकातून सुटते तशी. त्यांनी पुन्हा केलं. सूर फुटला. ताई आमच्याकडे पाठ करून ओट्याशी उभी होती. ती वळली नाही.

"नवीन आहे," मी म्हणालो. "बसेल."

बसला नाही. दुसऱ्या आठवड्यात दाजी ट्रम्पेट घेऊनच दवाखान्यात गेले. मीही होतो. गळ्यात कागदी रुमाल, डोळ्यांवर प्रखर दिवा, आणि त्या खुर्चीत उठून बसून दाजींनी वरचा सूर लावला. फुटला. डॉक्टरांनी त्या बाजूची कड थोडी घासली. पुन्हा वाजवलं. पुन्हा फुटला. "अजून थोडं," दाजी म्हणाले. घासलं. वाजवलं. बाहेर बसलेल्या लोकांना वाटलं, आत काहीतरी समारंभ चालू आहे. एकदा सूर आला. खरंच आला, अख्खा, पूर्वीसारखा, भिंतीला जाऊन लागला, आणि बाहेरून टाळ्या पडल्या. दाजींनी हात वर करून डॉक्टरांना थांबवलं. मग तो सूर पुन्हा लावायला गेले आणि पुन्हा हवा.

"अजून थोडं."

"आता खालचा धातू दिसायला लागलाय," डॉक्टर म्हणाल्या. "यापुढे घासता येणार नाही."

दुसरा ब्रिज केला. मधला दात जरा पुढे. त्याने खालचे सूरही गेले. मग तिसरा, मधला आत. एकेका वेळी जुना ब्रिज ठोकून काढायचा, नवा चिकटवायचा. बिचाऱ्या त्या दोन खुंट्या तरी किती सोसणार? तिसरा ब्रिज बसल्यावर महिन्याभरात उजवी खुंटी ठणकायला लागली. गाल सुजला. मुळातली नस मेली होती. डॉक्टरांनी मुळाचा इलाज केला, आणि दाजींनी दोन दिवसांतच कुणालाही न सांगता बाथरूमचं दार लावून ट्रम्पेट फुंकलं. खुंटी हिरडीपाशी मोडली. ताईने दार ठोठावलं तेव्हा आतून ते शांतपणे म्हणाले, "गेलं."

त्या दिवशी ताई माझ्याकडे आली. माझ्या घरी बसायला एकच धड खुर्ची आहे, तिच्यात ती बसली.

"तीस वर्षं तो माणूस माझ्यासमोर बसून जेवतोय रे," ती म्हणाली. "तीस वर्षं. आणि मला त्याचा एक दात सांगता आला नाही."

"कुणालाच नसता आला."

"तुला आठवत होतं ना? बाहेर म्हणालास तू."

"मी अंदाजाने म्हणालो. तुझ्याशी भांडायचं म्हणून म्हणालो. तसा करून पाहिला की, तोही चालला नाही."

"मग कसा होता?"

मला ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि पुढेही कुणाला ठाऊक होणार नव्हतं. ती रडली. मला माणसांचं रडणं झेपत नाही, मी उगाच विनोद करतो, पण त्या दिवशी एकही सुचला नाही.

शेवटच्या वेळी आम्ही तिघंही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नवीन एक्स-रे दिव्यासमोर धरला. मधल्या जागचं हाड आता आटलं होतं, दात नसला की ते आटतंच, म्हणाल्या. इम्प्लांट अजूनही करता येतील, पण आता एक नाही, दोन लागतील, आधी हाड भरावं लागेल, वर्ष-दीड वर्ष जाईल. किंवा आणखी एक चांगला दात घासून लांब ब्रिज. त्या दोन्हींतलं बरं-वाईट सांगत होत्या आणि त्यांच्या आवाजात पहिल्यासारखी ठणठणीत खात्री नव्हती. त्यांनाही लागलं होतं. त्यांनी पहिल्याच दिवशी इम्प्लांट सुचवला होता, आता तसं म्हणून दाखवायची त्यांना पूर्ण मुभा होती, पण त्या म्हणाल्या नाहीत.

दाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं. "सूर कशात येईल?"

डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला. "मला माहीत नाही," म्हणाल्या. "तुम्हाला खोटं सांगणार नाही."

"मग जेवता येईल असं काहीतरी बसवा," दाजी म्हणाले.

बँडमास्तर माणूस वाईट नाही. दाजींना घरी बसवायचं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून त्यांनी त्यांना झांजा दिल्या. फुंकता न येणाऱ्या जुन्या माणसांना आमच्याकडे झांजाच देतात. झांजवाला शेवटच्या रांगेत उभा राहतो, मोठ्या ड्रमच्या शेजारी. म्हणजे माझ्या शेजारी.

"आता बघा, दाजी," मी पहिल्या दिवशी म्हणालो, "इतकी वर्षं पुढून मला शिव्या घालत होतात, की ड्रम पळतोय म्हणून. आता कळेल कोण पळतंय."

ते हसले. नवीन दातांनी हसले, ओठ ताणून. आता जपून ठेवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

रविवारी बाग भरलेली होती. सगळ्या धुना झाल्या. दाजींनी झांजा जिथल्या तिथे वाजवल्या, एकही चुकली नाही. मग सगळी वाद्यं थांबली आणि शेवटची धून सुरू झाली. आता ती दुसरी ट्रम्पेटवाली वाजवते. दाजींनीच तयार केलेली पोरगी, चांगली वाजवते, काही म्हणायला जागा नाही. खाली माझा ड्रम, हळू. दाजी झांजा मांडीशी धरून समोर बघत उभे.

पहिल्या ओळीआधी तिने श्वास घेतला, आणि त्याच क्षणी माझ्या डाव्या कानाशी दाजींनी घेतला. छाती भरून, पोटापर्यंत, एवढा मोठा श्वास माणूस नुसतं उभं राहायला घेत नाही. ओळ चालू असेपर्यंत तो त्यांनी आत धरून ठेवला. ओळ संपली तसा सोडला. दुसऱ्या ओळीआधी पुन्हा घेतला. तिच्या थोडा आधी, कारण ते नेहमी थोडा आधी घ्यायचे. ओठ मिटलेले होते. त्यांना काहीही ठाऊक नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. त्यांना वाटत होतं ते नुसते उभे आहेत.

पुढच्या बाकावर ताई बसली होती. तिच्यापर्यंत काही पोहोचत नसावं, ती ट्रम्पेटवालीकडे बघत होती. मला तो श्वास ऐकवेना. मी ड्रम जरा जोरात घेतला, मग आणखी जोरात. बँडमास्तरांनी माझ्याकडे डोळे वटारून हाताने खूण केली, हळू.

मी हळू केला. मग पुन्हा ऐकू यायला लागलं.